आणेवारी म्हणजे नेमके काय?

प्रश्न : ‘गावाची आणेवारी 45 पैसे’ असे बातम्यांत वाचले. आणे आणि पैसे एकत्र कसे? हा बाजारभाव आहे का?

उत्तर : बाजारभावाशी याचा संबंध नाही, हे पिकाच्या उतार्‍याचे माप आहे. पूर्ण पिकाला एक रुपया, म्हणजे सोळा आणे, मानून त्याच्या तुलनेत हाती आलेले पीक किती, हे सांगण्याची ही जुनी महसुली रीत. 1957 साली दशमान नाणी आली, आण्यांचे पैसे झाले आणि सरकारी कागदावर ‘पैसेवारी’ हा शब्द रुळला, तरी बोलण्यात ‘आणेवारी’च टिकली आहे. एखाद्या पिकाचे प्रमाण उत्पन्न हेक्टरी 10 क्विंटल असेल आणि कापणी प्रयोगात, म्हणजे शेतातल्या ठरावीक तुकड्यातले पीक कापून मोजल्यावर, हेक्टरी साडेचार क्विंटलच भरले, तर त्या पिकाची पैसेवारी 45 पैसे होते. आधी उभे पीक पाहून नजरअंदाज, मग सुधारित आणि शेवटी अंतिम पैसेवारी जाहीर होते, म्हणून बातमीतला आकडा यांपैकी कोणता हे आवर्जून पाहावे. पन्नास पैशांची रेषा शेतकर्‍याच्या जिव्हाळ्याची, कारण पैसेवारी तिच्या खाली गेली की दुष्काळी सवलतींचा विचार होत आला आहे. ‘सोळा आणे खरे’ या बोलीतही पूर्णतेचे हेच माप आहे.