दवाखान्यात लॉची पोरं काय करणार?

प्रश्न: ताई, मी लॉच्या चौथ्या वर्षाला आहे. एका हॉस्पिटलातल्या गरीब पेशंटना कायद्याची फुकट मदत करायची असं आमच्या कॉलेजात चाललंय. पण आमच्याकडे सनद नाही, कोर्टात उभं राहता येत नाही, मग तिथे जाऊन करणार काय? आणि डॉक्टर तर वकील म्हटलं की लांबच पळतात.

उत्तर: अरे, ही कल्पना मुळात डॉक्टरचीच आहे! १९९३ साली बॉस्टन सिटी हॉस्पिटलातले बालरोगतज्ज्ञ बॅरी झुकरमन यांनी वकीलच कामाला घेतला, कारण दम्याची मुलं बरी होऊन घरी जायची आणि परत धापा टाकत यायची, घरात ओल, भिंतींना बुरशी आणि घरमालक काही दाद देत नाही, मग इनहेलर तरी किती लिहून देणार. पुढे अमेरिकेतली लॉ कॉलेजंही यात उतरली, मुलं काम करतात आणि सनदवाला वकील वरून बघतो.

राहता राहिलं कोर्ट, तर तिथवर बरीचशी प्रकरणं जातच नाहीत. तुमच्याकडे वेळ आहे ना, तोच कामाचा. क्लेम नाकारल्याचं पत्र, घर खाली करायची नोटीस, पेन्शनचा फेटाळलेला अर्ज, असले कागद पेशंटच्या पिशवीत एक्सरेखाली दबलेले असतात आणि इकडे माणूस अ‍ॅडमिट असताना अपीलची मुदत निघून जाते. म्हणून कागद हातात आला की आधी तारीख बघायची, बाकी सगळं नंतर.

दुसरं म्हणजे डॉक्टरचं पत्र. ‘पेशंटला दमा आहे, घर बदलणे योग्य’ एवढ्यावर कोणी हलत नाही. हा मुलगा कितीदा अ‍ॅडमिट झाला, ओलीने त्याला काय होतं, तिथेच राहिला तर पुढे काय, हे लिहून हवं. डॉक्टरना कोणी विचारतच नाही म्हणून ते लिहीत नाहीत, तुम्ही मुद्दे काढून समोर ठेवा, सही करतील.

आणि ते लांब का पळतात? त्यांना वाटतं उद्या आपल्यावरच केस टाकणार. तर पहिल्याच मीटिंगमध्ये ठरवून टाका की हॉस्पिटलच्याच विरुद्धची तक्रार इथे घ्यायची नाही, ती बाहेरच्या वकिलाकडे पाठवायची, आणि हे पेशंटलाही आधीच सांगायचं, लपवायचं नाही.

हो, आणि परीक्षा आल्या की तुम्ही गायब होता, केस तिथेच असते. प्रत्येक भेटीनंतर फाइलमध्ये नीट लिहून ठेवा, पुढच्या बॅचने पेशंटला तीच कर्मकहाणी परत सांगायला लावली की तो पुन्हा येत नाही.

प्रश्न: माझ्या भावाचं डायलिसिस चालू आहे. हॉस्पिटलात लॉची मुलं बसतात, त्यांना घरातलं सगळं सांगावं का? शिकाऊच ना ती.

उत्तर: सांगा की, पण आधी दोन गोष्टी विचारून घ्या. त्यांच्यावर वकील कोण आहे, आणि तुम्ही बोललेलं डॉक्टरांपर्यंत जाणार का. वकिलाची गुप्तता वेगळी, डॉक्टरची वेगळी, लहान मुलाला मारहाण वगैरे कळलं तर बऱ्याच ठिकाणी डॉक्टरला ते कळवावंच लागतं. म्हणून माहिती इकडून तिकडे द्यायला भावाची लेखी परवानगी लागते, ती वाचूनच त्याने सही करावी. कोऱ्या कागदावर तर सही नकोच. आणि ओरिजिनल कागद स्वतःकडे ठेवा, त्यांना झेरॉक्स द्या.