सोलापुरात आठ जणांची टीम आहे, रोजचा स्टँडअप (कामाचा आढावा घ्यायची छोटी मीटिंग) पाऊण तास चालतो, काय करावं?

पाऊण तास फारच झाला हो, स्क्रम गाईडमध्ये, म्हणजे स्क्रम या टीमने काम करायच्या पद्धतीच्या अधिकृत पुस्तिकेत, डेली स्क्रमला म्हणजे याच स्टँडअपला 15 मिनिटंच दिलीत आणि काल काय केलं, आज काय करणार, अडलंय कुठं हे तीन प्रश्न तर 2020 च्या आवृत्तीतून काढूनच टाकलेत. आम्ही जुळे सोलापुरातल्या ऑफिसात एकेकाला विचारत बसत नाही, सरळ बोर्ड उघडतो (प्रत्येक कामाचं एक कार्ड, प्रत्येक टप्प्याचा एक कॉलम), उजवीकडून म्हणजे टेस्टिंगच्या कॉलमपासून सुरू करायचं, जे कार्ड हललं नाही त्यावरच बोलायचं, बाकीची चर्चा ज्यांची त्यांनी नंतर करायची. एकावेळी हातात किती कामं घ्यायची यावर लिमिट लावाच, नाहीतर सगळं चालू आणि पूर्ण काहीच नाही. आणि पुण्याचा क्लायंट कॉलवर असला की ज्युनियर पोरं अडचण बोलतच नाहीत, क्लायंटला स्प्रिंट रिव्ह्यूला, म्हणजे कामाच्या प्रत्येक टप्प्याच्या शेवटी झालेलं काम दाखवायच्या मीटिंगला, बोलवा.