समुपदेशकाकडे पहिल्यांदा जाताना: वाचकांचे प्रश्न

समुपदेशन सुरू करण्याविषयी ठाणे-नवी मुंबईतून आलेले काही प्रश्न या वेळी एकत्र घेते आहे.

ऐरोलीला आयटी कंपनीत आहे. झोप उडाली आहे, घरी सारखी चिडचिड होते. बायकोच्या आग्रहाने शनिवारची अपॉइंटमेंट घेतली. पण तिथे बोलायचं काय? (पुरुष, ३४, नेरूळ)

मला जे लिहिलंत तेच तिथे सांगा. झोप उडाली आहे आणि घरी चिडचिड होते, एवढ्यावर काम सुरू होतं.

पहिलं सेशन साधारण पाऊण ते एक तासाचं असतं. आधी एक फॉर्म भरून घेतात: वय, चालू औषधं, अडीअडचणीला कुणाला फोन करायचा. मग प्रश्न येतात. हे कधीपासून होतंय, भूक कशी आहे, दारू-तंबाखू किती, थायरॉइड वगैरे तपासलं आहे का, घरात कोण कोण आहे. जीव नकोसा होतो का, हेही थेट विचारलं जाईल. त्याने दचकू नका. हा प्रश्न जवळजवळ सगळ्यांना विचारतात, आणि विचारल्यामुळे तसा विचार डोक्यात शिरत नाही. लहानपणापासूनचं सगळं सांगायची सक्ती नसते. "यावर आज नको" असं म्हणायला पूर्ण मुभा आहे.

एक गोष्ट आवर्जून सांगते. कितीतरी जण चाळीस मिनिटं बॉस, डेडलाइन, ठाणे-नेरूळ लोकलची गर्दी यावरच बोलतात. मग वेळ संपते, ते उठतात आणि चपला पायात सरकवता सरकवता म्हणतात, "बाबांना जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल." खरा विषय बहुतेक वेळा तिथेच असतो. तुमचंही तसं झालं तर सेशन फुकट गेलं असं समजू नका. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात होते.

मुलगी म्हणते, आई, समुपदेशकाकडे जा. पण आमच्याकडे कुणी जरा वेगळं वागलं की "याला ठाण्याला पाठवा" म्हणतात. शेजारीपाजारी, सासरी कळलं तर? (स्त्री, ५२, कळवा)

ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासून आहे, आणि ही चेष्टाही पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. तिच्या धाकाने माणसं वर्षानुवर्षं आतल्या आत सोसत राहतात, याचा मला मनापासून राग येतो. तुम्ही जा. मुलीला खालपर्यंत सोबत घेऊन गेलात तरी चालेल.

तुम्ही आत काय बोललात ते समुपदेशक मुलीलाही तुमच्या परवानगीशिवाय सांगणार नाहीत. मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातच दिलेला आहे. अपवाद मोजके: तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, न्यायालयाचा आदेश असेल, किंवा लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पुढे आली तर. या शेवटच्या बाबतीत २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार कळवावंच लागतं. चांगला समुपदेशक हे अपवाद पहिल्याच भेटीत स्वतःहून सांगतो. नाही सांगितले तर विचारा. आपल्या नोंदी कुठे ठेवता, हेही विचारा.

तीन सेशन झाली. मॅडम नुसतं ऐकतात, काय करू ते सांगत नाहीत. परवा तर घरी येऊन रडतच बसले. बदलू का? (स्त्री, २७, घोडबंदर रोड)

आधी हेच सगळं मॅडमना सांगा, अगदी याच शब्दांत. त्यांना वाईट वाटेल म्हणून बरेच जण गप्प बसतात आणि मग जाणंच बंद करतात.

लग्न करू की नको, नोकरी सोडू का, याचे निर्णय समुपदेशक देत नाहीत, आणि देऊही नयेत. पण नुसतं ऐकणंही पुरेसं नाही. आपण कशासाठी भेटतोय आणि कुठे पोचायचंय, हे तीन-चार सेशनमध्ये दोघींनी मिळून ठरवायला हवं. महाराष्ट्रात आरईबीटी (विवेकनिष्ठ मानसोपचार) पद्धतीने काम करणारे बरेच आहेत. ते वहीत लिहायला लावतात. समजा, मैत्रिणीने मेसेज वाचला आणि उत्तर दिलं नाही. ही घटना. "मी तिला नकोशी झाले" हा तुमचा त्यावरचा विचार. रात्रभर तळमळ हा परिणाम. काम करायचं ते मधल्या विचारावर. असं काही करता येईल का, विचारून बघा.

सेशननंतर रडू येणं नेहमीचं आहे. दडपलेलं बाहेर आलं की दिवसभर जड जातं. पण चार-पाच दिवस जेवण, झोप, काम काहीच होत नसेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा.

बोलूनही सूर जुळला नाही तर खुशाल बदला. मात्र कुणी तुम्हालाच दोष देत असेल, जात-धर्मावरून शिकवत असेल, बाहेर भेटायला बोलावत असेल, अंगचटीला येत असेल किंवा "दहा सेशनमध्ये बरं करतो" अशी हमी देत असेल, तर दुसऱ्यांदा जाऊच नका.

मुलगा बारावीला आहे, खोलीतून बाहेर येत नाही. खासगी फी परवडत नाही. आणि बोर्ड लावलेला प्रत्येक जण शिकलेला असतो का? (वडील, खारघर)

नाही. म्हणून पदवी विचारा, त्यात संकोच नको. समुपदेशक किमान मानसशास्त्रात एमए आणि प्रत्यक्ष प्रशिक्षण घेतलेला असावा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर. औषध त्यांनीच द्यायचं.

तुमच्याजवळ नेरूळ आणि कामोठ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. ठाण्याच्या मनोरुग्णालयातही ओपीडी आहे, तिथे नुसती तपासणी करूनही परत येता येतं. आजच्या आज बोलायचं असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास आणि मोफत चालतो, मराठीतही बोलतात. मुलगा फोनवर यायला तयार नसेल तर आधी तुम्ही बोला. खासगीत जायचं ठरलं तर फी कमी होईल का, ते स्पष्ट विचारा; बरेच जण करतात.

वन बीएचकेत पाच माणसं. ऑनलाइन सेशन करून उपयोग होतो का? (स्त्री, ३०, वाशी)

होतो. इअरफोन लावा, दाराबाहेर टीव्ही चालू ठेवा, किंवा सोसायटीच्या गच्चीवर जा. कुणी खोलीत आलं तर कोणता शब्द म्हणून विषय बदलायचा, ते समुपदेशकाशी आधी ठरवून घ्या. पण ज्याच्याबद्दल बोलायचंय तोच माणूस भिंतीपलीकडे बसलेला असेल आणि त्याची भीती वाटत असेल, तर घरातून नको. प्रत्यक्ष जाऊनच बोला.