तारेवर गप्प बसा, पाण्यात हात चालवा

या वेळी पत्रांचा रोख एकाच सहलीवर दिसतोय: दिवसाच्या एका अर्ध्यात झिपलाइन, म्हणजे तारेला लटकून घसरत पलीकडे जाणं, दुसऱ्या अर्ध्यात राफ्टिंग, म्हणजे फुगवलेल्या होडीतून खळाळत्या नदीत जाणं, सोबत गाईड आणि संध्याकाळी परत. बारा वर्षं मी राफ्टच्या मागच्या टोकाला बसून ओरडायचं काम केलंय, मध्ये दोन हंगाम झिपलाइनच्या फलाटावरही काढलेत. उत्तरं गाईडकडे झुकलेली वाटली तर कारण हे आहे.

प्रश्न : ताई, माझं वय 58. मुलीनं आम्हा तिघांचं बुकिंग परस्पर करून टाकलंय. मला पोहता येत नाही आणि उंचावरून खाली बघवतही नाही. हे म्हणतात, राफ्टिंग कर, झिपलाइन सोडून दे. काय करू?

उत्तर : तुमच्या यजमानांसारखाच हिशेब बहुतेक जण मांडतात: उंच ते धोक्याचं, पाण्यातलं ते मजेचं. मी तो उलटा मांडते. तारेवर तुम्हाला जवळजवळ काहीच करायचं नसतं. नदीत मात्र तुमच्या वाटणीचं काम तुम्हालाच करावं लागतं. म्हणून दोन्हीतलं एकच करायचं असेल, तर भित्र्या माणसाला मी आधी तारेवर बसवेन.

हार्नेस कमरेला आणि दोन्ही मांड्यांना आवळलेला असतो. चांगल्या ठिकाणी त्यातून दोन वेगळे पट्टे वर जातात, म्हणजे एकाला काही झालं तरी दुसरा तुम्हाला धरून असतो. वर ट्रॉलीची चाकं पोलादी तारेवर पळतात. थांबवायची सोय पलीकडच्या टोकाला असते, तिथे गाईडही उभा असतो. भीतीची खरी जागा म्हणजे फलाटाची कड, आणि तिथेच लोक चूक करतात. ते उडी मारायला बघतात.

एक बाई आठवतात. फलाटावरच्या खांबाला त्यांनी अशी मिठी मारली होती की बोटं पांढरी पडली होती. ‘सोडा’ म्हणून उपयोग नव्हता. मी म्हटलं, खांब धरूनच ठेवा, फक्त खुर्चीत बसतो तसं गुडघे वाकवून खाली बसा. बसल्या. पट्टे ताणले गेले, वजन हार्नेसनं उचललं, पाय अजून फळीवरच होते. दोन क्षण तशाच लटकून राहिल्या आणि म्हणाल्या, “अगं, हे धरतंय की!” मग एक हात सुटला, मग दुसरा. तुम्हीही उडी मारू नका, बसा. नजर पलीकडच्या फलाटावर ठेवा.

आता नदी. पोहता न येणाऱ्यांना सौम्य टप्प्यावर नेतात, त्यात वावगं काही नाही. बुकिंग करताना मुलीला एकच विचारायला सांगा: खळाळ कोणत्या श्रेणीचे आहेत? आंतरराष्ट्रीय मोजपट्टी 1 ते 6 अशी आहे. 1 म्हणजे किरकोळ लाटांचं वाहतं पाणी, 5 कसलेल्यांचं काम, आणि 6 च्या वाटेला सहसा कुणी जातच नाही. तुमच्यासाठी 1-2 उत्तम. 3 ला लाटा अंगावर येतात, राफ्ट चांगलीच उसळते. तेव्हा पहिल्याच खेपेला, न पोहता, तिथे जायची घाई नको. शिवाय ‘आज पाणी किती आहे’ हेही विचारा. पाणी वाढलं की तोच खळाळ वरच्या श्रेणीत जाऊन बसतो, माहितीपत्रकातला आकडा मात्र तोच राहतो.

लाइफ जॅकेटची परीक्षा स्वतः घ्या. सगळी बक्कलं लावून, पट्टे ओढून झाले की मुलीला सांगा, दोन्ही खांद्यांवरचे पट्टे धरून वर उचल. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते सैल आहे. पाण्यात ते असंच वर जाईल आणि तुम्ही आत खाली राहाल. अंगाला चपखल बसेल इतकं घट्ट हवं, पण श्वास मात्र घेता आला पाहिजे. कौतुकानं ‘राहू दे, टोचतंय’ म्हणणाऱ्यांचं मी कधी ऐकलं नाही.

प्रश्न : माझा मुलगा 11 वर्षांचा. वयाची अट पूर्ण होती, तरी ऐनवेळी झिपलाइनवर ‘हलका आहे, एकटा सोडणार नाही’ म्हणून अडवलं. दुसऱ्या माणसाबरोबर जोडून पाठवायला तयार होते. मुलगा रुसला, आम्ही परत आलो. हलका असण्यात कसला धोका? तार तर जड माणसानं तुटेल ना?

उत्तर : तार कुणाच्याच वजनानं तुटायला नको, ती कितीतरी जास्त भाराच्या हिशेबानं बसवलेली असते. अडचण वेगाची आहे. तार दोन टोकांमध्ये झोळीसारखी खाली लोंबते, त्यामुळे शेवटचा तुकडा जवळजवळ सपाट किंवा किंचित चढाचा असतो. तो पार करायला आधी कमावलेला वेग लागतो. जड माणसाला हवा तेवढी अडवू शकत नाही, तो सुसाट पोचतो. हलक्या मुलाला समोरचा वारा मध्येच थोपवतो आणि ट्रॉली मागे घरंगळत तारेच्या सगळ्यात खोलगट जागी येऊन थांबते. पलीकडचं टोक समोर दिसतंय आणि पोर अधांतरी. मग गाईडनं तारेवरून जाऊन ओढत आणायचं. सकाळी वारा पडलेला असताना जो मुलगा सहज पोचला असता, तोच दुपारी अडकतो. गाईडनं वारा बघून ठरवलं असेल तर त्याचं चुकलं नाही.

मोठी माणसंही अडकतात, विशेषतः जिथे हातमोजा तारेवर दाबून आपणच ब्रेक लावायचा असतो तिथे. घाबरून लवकर दाबतात. तुम्ही अडकलात तर अंग फिरवून पाठ पलीकडच्या टोकाकडे करा आणि तार हातावर हात टाकत ओढत मागे सरका. आणि हात ट्रॉलीच्या पुढे कधीही नाही, कायम मागे. पुढे धरलेली बोटं चाकाखाली जातात.

प्रश्न : मी चांगला पोहतो. गेल्या महिन्यात राफ्टमधून पडलो, पाणी फार तर गुडघ्याच्या वर होतं, म्हणून उभा राहिलो. गाईड सगळ्यांसमोर बोंबलला, “पाय वर! पाय वर!” मग त्यानं दोरी फेकली, ती मी हाताला गुंडाळली तर त्यावरूनही बोलणी खाल्ली. पैसे देऊन हे ऐकून घ्यायचं का?

उत्तर : घ्यायचं. तुमच्या जागी मी असते तर त्याला नंतर चहा पाजला असता.

नदीचा तळ म्हणजे काही फरशी नव्हे. दगड, दगडांमधल्या फटी, अडकलेली लाकडं. वाहत्या पाण्यात उभं राहिलात की पाय अशा फटीत जातो, आणि मागून येणारं पाणी तुम्हाला पुढे ढकलत राहतं. पाय सोडवायचा तर प्रवाहाच्या उलट जायला हवं, आणि तेवढंच जमत नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. पाणी कमरेपर्यंतही नसताना माणूस पुढे आडवा पडून बुडतो, ते याच कारणानं.

हे मी ऐकीव सांगत नाही. दुसऱ्या हंगामात माझी राफ्ट एका खडकावर बसली. ढकलायला म्हणून मी उतरले. पाणी मांडीच्या मध्यापर्यंत. तीन पावलं टाकली असतील, उजवा पाय दोन दगडांत गेला आणि गुडघा पुढे वाकला. पाण्यानं पाठीवर असं काही बस्तान मांडलं की सरळ होता येईना. तोंड पाण्याच्या वर राहायचं, पुन्हा जायचं. आवाज कानांच्या बाहेर आहे की आत, तेच कळेना. दोन सहकाऱ्यांनी दोन काठांवरून दोरी ताणली आणि माझ्या छातीशी आणली. तिच्यावर रेलले तेव्हा श्वास मिळाला. रेलल्यावर कंबर जराशी मागे घेता आली, पाय हलला आणि बुटातून सुटून आला. बूट अजून तिथेच असेल. आणि सांगायची लाज वाटते, पण त्याच दिवशी काठावर मीच सहा जणांना ‘वाहत्या पाण्यात उभं राहू नका’ हे पाच मिनिटं समजावून दिलं होतं. मी गाईड आहे, मला चालतं, असं वाटलं होतं.

तेव्हा पडलात की पाठीवर झोपा, पाय पुढे प्रवाहाच्या दिशेनं, पायाची बोटं पाण्याबाहेर दिसतील इतके वर. दगड आला तर तळव्यांनी ढकला. पाणी गार असेल तर पहिलं मिनिटभर धाप लागते, तेव्हा फक्त श्वासाकडे लक्ष द्या. पोहायची घाई नको, जॅकेट तरंगवतंच. पुढे पाणी निवळलं की पालथे व्हा आणि काठाकडे तिरपे, जोरात पोहा. इथे तुमचं पोहणं कामाला येईल. उभं राहायचं ते पाणी शांत आणि उथळ असेल तेव्हाच.

याला अपवाद एकच: पुढे आडवं पडलेलं झाड. त्याच्या फांद्यांतून पाणी जातं, माणूस जात नाही, चाळणीत अडकावं तसं होतं. तिथे पाय पुढे ठेवलेत तर पाणी तुम्हाला खाली ओढून घेईल. आधी बाजूनं निसटायचा प्रयत्न करा. नाहीच जमलं तर पालथे व्हा, डोकं पुढे, झाडाच्या दिशेनंच जिवाच्या आकांतानं पोहा आणि त्याच्यावर चढा.

आणि दोरी. ती हाताला गुंडाळली तर नकोशी झाल्यावर सोडता येत नाही. दोरी पिशवीत भरून फेकतात; ती पिशवी नको, दोरी पकडा, खांद्यावरून घ्या, छातीशी धरा आणि पाठीवर झोपा. तोंड आकाशाकडे राहिलं की पाणी डोक्यामागून वळतं. तोंड दोरीच्या दिशेला केलंत तर सगळी नदी नाकात.

प्रश्न : फुगवलेली राफ्ट धारदार खडकाला लागून फुटली तर?

उत्तर : बाहेरच्या नळीत सहसा चार वेगळे कप्पे असतात, मधल्या आडव्या नळ्या आणि तळ वेगळे. एक कप्पा गेला तरी बाकीचे तरंगवतात. कल्पना जुनी आहे: 1842 साली जॉन फ्रेमाँट या अमेरिकी शोधप्रवाशानं अमेरिकेतल्या प्लॅट नदीवर रबरी होडी नेली होती. तीही फुटली नाही, दडलेल्या खडकाला लागून उलटली आणि बरंच सामान पाण्यात गेलं. काळजी करायची ती फुटण्याची नाही, उलटण्याची करा. उलटलेल्या राफ्टखाली सापडलात तर वर हात लावा आणि एकाच दिशेनं हात सरकवत बाहेर या. मध्ये दिशा बदलायची नाही.

फुटण्याचं भय धरायचंच तर दातांचं धरा. मी पाहिलेल्या जखमा बहुतेक राफ्टच्या आतल्याच, आणि त्यांतली फार मोठी वाटणी वल्ह्याच्या मुठीची. वल्ह्याच्या वरच्या टोकाची मूठ पंजात नसली की लाट येताच ती शेजाऱ्याच्या तोंडावर बसते. काहीही होवो, वरचा हात मुठीवरून काढायचा नाही.

प्रश्न : मला तिथे सगळ्यांसमोर काट्यावर उभं केलं आणि आकडा मोठ्यानं वाचला. गरज होती का?

उत्तर : वजनाची गरज होती, वाचून दाखवायची नव्हती. जड माणूस वेगात पोचतो, ब्रेक त्याच्या हिशेबानं लावावा लागतो, आणि हार्नेसच्या पट्ट्यांनाही वरची मर्यादा असते. ‘मला बाजूला घेऊन वजन करा’ असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण खरं वजनच सांगा. फलाटावर पाच किलो चोरणारे पुष्कळ पाहिलेत, पलीकडच्या गाईडच्या अंगावर येऊन आदळतात.

प्रश्न : आधी झिपलाइन की आधी राफ्टिंग?

उत्तर : निवड तुमच्या हातात असेल तर आधी झिपलाइन. अंग कोरडं असतं, वारा कमी असतो. राफ्टिंगनंतर ओल्या कपड्यांनी तारेवर गेलात की वाऱ्यानं हुडहुडी भरते, आणि वल्हवून थकलेल्या हातांना ब्रेक दाबायचं काम नको. पण वरच्या धरणातून पाणी सकाळीच सुटत असेल तर नदी म्हणेल ते वेळापत्रक. वीज कडकडायला लागली तर तार बंद, नदीही बंद. तेव्हा गाईडशी हुज्जत घालू नका.

प्रश्न : चष्मा लागतो. काढून ठेवू?

उत्तर : ठेवा डोळ्यांवरच, मागे दोरी बांधून. गाईड कुणीकडे हात करतोय ते दिसायला हवं. अंगठ्या मात्र गाडीतच काढून ठेवा.