सोनोग्राफीत यकृतात २ सेंमीची गाठ निघाली. ती हिमँजिओमा (रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ) आहे की कॅन्सर, हे सीटीवर कसं ओळखतात?

आधी धीर धरा. अशा अचानक सापडलेल्या गाठी बहुतेकदा निरुपद्रवी असतात.

फरक कळतो तो ट्रायफेजिक सीटीत किंवा कॉन्ट्रास्ट एमआरआयमध्ये, म्हणजे शिरेतून कॉन्ट्रास्ट (फोटोत उजळ दिसणारं औषध) देऊन वेगवेगळ्या टप्प्यांत घेतलेल्या फोटोंत. यकृताला सुमारे ७५ टक्के रक्त पोर्टल शिरेतून (आतड्यांकडून यकृतात येणारी शीर) मिळतं, बाकीचं धमनीतून. यकृताचा कॅन्सर, म्हणजे एचसीसी, मात्र मुख्यतः धमनीच्या रक्तावर पोसतो. म्हणून इंजेक्शननंतर साधारण ३५ सेकंदांनी घेतलेल्या फोटोत तो शेजारच्या यकृतापेक्षा उजळ दिसतो आणि पुढच्या काही मिनिटांत काळसर पडतो. हाच 'वॉशआउट'. हिमँजिओमात आधी कडेला तुटक-तुटक ठिपके उजळतात, मग औषध हळूहळू आत भरत जातं आणि टिकून राहतं. साधी पाण्याची गाठ उजळतच नाही.

एक कळकळीने सांगते: सिऱ्हॉसिस (यकृतात व्रण होऊन ते कठीण होणं) किंवा जुना हिपॅटायटिस बी असेल तर रेडिओलॉजिस्टला आधीच सांगा, जुने रिपोर्टही न्या. त्याने त्याच फोटोचा अर्थ बदलतो. सिऱ्हॉसिसमध्ये एवढ्या गाठीत उजळणं आणि वॉशआउट दोन्ही ठळक दिसले, तर बहुतेकदा बायॉप्सीशिवायच निदान होतं.