'पतधोरण' म्हणायचं की 'मौद्रिक धोरण', आणि यात पत कुणाची?

परळच्या एक ताई बँकेच्या परीक्षेची तयारी करतायत, त्यांनी विचारलंय की पेपरात 'पतधोरण' येतं, क्लासच्या नोट्समध्ये 'मौद्रिक धोरण' लिहिलंय, सरकारी पत्रकात 'चलनविषयक धोरण' दिसतं आणि जुन्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात 'नाणेविषयक धोरण' सापडलं, तर हे चारही एकच का, आणि मराठीत लिहिताना कुठला घ्यायचा. त्यांचं खरं अडलंय ते पुढच्या वाक्यात, 'पत म्हणजे आपली बाजारातली पत, कुणी उधार देईल की नाही ते, मग व्याजदर ठरवण्याच्या धोरणाला पत कशी काय चिकटली?'

चारही एकाच गोष्टीची नावं आहेत. मी स्वतः पतधोरण लिहितो आणि तोच सगळ्यात चांगला शब्द आहे असं माझं ठाम मत आहे. का ते सांगायला थोडं लांबण लागेल कारण शब्दकोशात बघून हे कळत नाही, रिझर्व्ह बँक नक्की काय करते ते बघावं लागतं.

आधी बाकीचे तीन बघू. 'मौद्रिक' हिंदीतून आलाय, रिझर्व्ह बँकेची हिंदी पत्रकं 'मौद्रिक नीति' लिहितात, तिथे तो ठीकच आहे. पण मराठी माणसाला मुद्रा म्हटलं की आधी चेहरा आठवतो, प्रसन्न मुद्रा, त्रासिक मुद्रा, मग शिक्का, मग भरतनाट्यममधली हस्तमुद्रा, घर घेतलं असेल तर मुद्रांक शुल्क, पैसा फार उशिरा आठवतो. 'नाणे' हा शब्द मला आवडतो, नाणेनिधी आणि नाणेबाजार छान रुळलेत. पण नाणेधोरण म्हटलं तर एक अडचण आहे ती फोर्टात शहीद भगतसिंग मार्गावर उभं राहिलं की डोळ्यांनी दिसते. तिथे रिझर्व्ह बँक आणि टांकसाळ समोरासमोर आहेत, आणि टांकसाळ रिझर्व्ह बँकेची नाही, केंद्र सरकारची आहे. नाणी सरकार पाडतं, बँक ती फक्त लोकांपर्यंत पोचवते. एक रुपयाची नोटसुद्धा सरकारचीच, तिच्यावर गव्हर्नरांची सही नसते, अर्थसचिवांची असते. दोन रुपयांपासून पुढच्या नोटा रिझर्व्ह बँकेच्या, म्हणून त्यांच्यावर धारकाला अमुक रुपये अदा करण्याचं वचन गव्हर्नरांच्या सहीनं छापलेलं असतं.

'चलन' त्यामानानं जवळचा आहे, चलनवाढ, चलनी नोटा, आणि बँकेत पैसे भरायला जे भरतो तेही चलनच, ट्रॅफिकवाले पाठवतात तेही ई-चलन. शब्दात चूक काहीच नाही, पण त्यानं डोळ्यांसमोर नोटा उभ्या राहतात, आणि या धोरणाचा नोटा किती छापायच्या याच्याशी फार कमी संबंध आहे. शिवाय 'चलनविषयक धोरणविषयक समिती' अशी वाक्यं व्हायला लागतात ती वेगळीच कटकट.

आता पत. रिझर्व्ह बँकेचा कायदा १९३४ चा, बँक सुरू झाली १ एप्रिल १९३५ ला, मध्यवर्ती कचेरी आधी कलकत्त्याला होती ती १९३७ मध्ये कायमची मुंबईला आली, आणि १ जानेवारी १९४९ ला बँकेचं राष्ट्रीयीकरण झालं. (पहिले भारतीय गव्हर्नर महाडजवळच्या नात्याचे चिंतामणराव देशमुख, हे मराठी माणसानं लक्षात ठेवावं.) त्या कायद्याच्या अगदी सुरुवातीला बँक कशासाठी काढली ते लिहिलंय, त्याचा आशय असा की नोटा काढण्याचं आणि राखीव साठे ठेवण्याचं नियमन करून देशात पैशाचं स्थैर्य राखायचं आणि देशाची चलन आणि पत यांची व्यवस्था देशाच्या हिताची होईल अशी चालवायची. चलन आणि पत, दोन्ही. म्हणजे पत हा शब्द कुणी नंतर चिकटवलेला नाही, तो बँकेच्या जन्माच्या कागदावरच आहे.

आणि नंतरची कित्येक दशकं या धोरणाचा मुख्य भाग पतच होता. आपली अर्थव्यवस्था तेव्हा शेतीच्या हंगामावर चालायची, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल हा तेजीचा हंगाम, कापूस, भुईमूग, धान्य बाजारात यायचं, ते विकत घ्यायला व्यापाऱ्यांना पैसा लागायचा आणि तो मुंबईतून आतल्या गावांकडे जायचा, मग मे ते ऑक्टोबर मंदीचा हंगाम, पैसा परत यायचा. रिझर्व्ह बँक या दोन हंगामांच्या तोंडावर सांगायची की आता बँकांनी कर्जं किती आणि कशाला द्यायची. १९५६ पासून तर निवडक पतनियंत्रण सुरू झालं, म्हणजे तांदूळ, साखर, तेलबिया, कापूस अशा मालावर बँकांनी किती उचल द्यायची यावर मर्यादा, कारण बँकेच्या पैशावर माल दडवून ठेवला की भाव चढतात. त्या सगळ्याला बँकवाले 'क्रेडिट पॉलिसी' म्हणायचे, जुने बँकवाले बोलताना आजही तसंच म्हणतात, 'क्रेडिट पॉलिसी कधी आहे?' आणि क्रेडिटला मराठीत पत, पतपुरवठा, पतपत्र, पतमानांकन, त्यामुळे पतधोरण. शब्द सरळ बनलाय, उगाच नाही.

ताईंचा पुढचा प्रश्न मला आत्ताच ऐकू येतोय, की आता हंगाम गेले, निवडक नियंत्रण गेलं, रिझर्व्ह बँकेची समिती बसून फक्त रेपो दर ठरवते, मग शब्द जुना झाला नाही का? नाही झाला. उलट आज तो जास्तच बसतो.

समजा कुणी ठाण्यात फ्लॅट घेतला आणि बँकेनं ४० लाखांचं कर्ज मंजूर केलं. बँक तिजोरीतून नोटा काढून बिल्डरला देत नाही, बिल्डरच्या खात्यात ४० लाख जमा दाखवते आणि घर घेणाऱ्याच्या नावे ४० लाख कर्ज लिहिते. ते जमा झालेले ४० लाख हा नवा पैसा आहे, बिल्डर त्यातून सिमेंटवाल्याला, कामगारांना, टॅक्सला पैसे देतो, आणि यात एकही नोट छापलेली नाही. देशातला बराचसा पैसा असाच कर्जातून, म्हणजे कुणाची तरी पत आहे यावर विश्वास ठेवून तयार होतो. रिझर्व्ह बँक रेपो दर बदलते तेव्हा ती या कर्जाची किंमत बदलते. रेपो म्हणजे बँकांना रिझर्व्ह बँकेकडून सरकारी रोखे ठेवून थोड्या मुदतीचा पैसा घ्यायचा असेल तर लागणारा दर, आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी तरत्या दराची घरकर्जं बाहेरच्या एखाद्या दराला, बहुतेक वेळा रेपोलाच, जोडलेली असतात. तेच ४० लाख २० वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतले तर हप्ता साधारण ३४,७१३ रुपये, आठ टक्क्यांनी घेतले तर ३३,४५८. महिन्याला साडेबाराशेचा फरक. जून २०२५ मध्ये रेपो अर्ध्या टक्क्यानं उतरून ५.५० झाला तेव्हा लोकांनी पहिल्यांदा विचारलं ते हप्त्याचंच. म्हणजे धोरण अजूनही पतच हाताळतं, फक्त आधी किती कर्ज द्यायचं ते सांगायचे, आता ते किती महाग पडेल ते ठरवतात.

आणि हे सगळं करायचं कशासाठी, तर रुपयाची पत टिकावी म्हणून. इथे 'पत' दुसऱ्या अर्थानं येते आणि मला या शब्दाचा सगळ्यात जास्त आवडतो तो हाच गुण. २०१६ मध्ये कायदा बदलला, भावांची स्थिरता हे मुख्य उद्दिष्ट आणि वाढीचं भान ठेवायचं असं त्यात आलं, सहा जणांची समिती झाली, तिघं बँकेचे आणि तिघं सरकारनं नेमलेले, मतं समान पडली तर गव्हर्नरांचं मत निर्णायक, आणि लक्ष्य ठरलं किरकोळ बाजारातली महागाई ४ टक्के, वरखाली २ टक्क्यांची सूट. सलग तीन तिमाही महागाई या पट्ट्याबाहेर राहिली तर बँकेनं सरकारला लेखी कारणं द्यायची. २०२२ मध्ये तशी वेळ आली, त्यासाठी ३ नोव्हेंबरला समितीची खास बैठक झाली. एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा, 'रुपया घसरला' असं आपण डॉलरच्या भावाबद्दल म्हणतो, पण कायद्यातलं लक्ष्य डॉलरचं नाही, पाचशेच्या नोटेत भाजी, दूध, रेशन किती येतं त्याचं आहे.

आता दुसरी बाजू, आणि इथे मुंबईत फार गोंधळ होतो म्हणून जरा थांबून सांगतो. बँकांवरची देखरेख हे रिझर्व्ह बँकेचं वेगळं काम आहे, पतधोरणात ते येत नाही. एखाद्या सहकारी बँकेवर कारवाई झाली की लोक लिहितात 'रिझर्व्ह बँकेनं धोरण कडक केलं', ते चूक आहे. त्या कामाचा कायदा वेगळा, १९४९ चा बँकिंग नियमन कायदा, तो सहकारी बँकांना १९६६ पासून लागू झाला. आणि त्यातले शब्द नीट वापरायला हवेत कारण त्यावर लोकांची झोप अवलंबून असते. 'नियमन' म्हणजे नियम करणं. 'पर्यवेक्षण' म्हणजे ते पाळले जातायत का बघत राहणं, याला मी सरळ देखरेख म्हणतो, काहीही बिघडत नाही, बँकेतले लोक तर 'इन्स्पेक्शन लागलंय' म्हणतात. 'निर्बंध' म्हणजे कलम ३५अ खाली दिलेले आदेश, नवी कर्जं देऊ नका, ठेवी घेऊ नका, खातेदाराला इतकेच पैसे काढू द्या वगैरे, बँक तेव्हाही बँकच असते. 'परवाना रद्द' ही त्याच्या फार पुढची पायरी, आणि 'अवसायन' म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवणं. निर्बंध आले की व्हॉट्सॅपवर लगेच 'बँक बुडाली' फिरतं, आणि तो एक शब्द वाचून म्हातारी माणसं पहाटेपासून शाखेबाहेर उभी राहतात. तसंच 'थकीत' आणि 'बुडीत', ९० दिवसांच्या वर हप्ता अडला की कर्ज एनपीए होतं, म्हणजे थकीत झालं, बुडीत नाही, ते वसूल होऊ शकतं.

सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येणार होते, मग ती मर्यादा टप्प्याटप्प्यानं वाढली. त्यानंतर ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये १ लाखावरून ५ लाख झाली, आणि २०२१ च्या दुरुस्तीनं निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याचे पैसे द्यायची तरतूद आली. हे ५ लाख मुद्दल आणि व्याज मिळून, एका माणसाचे एका बँकेतले, शाखा चार असल्या तरी एकच हिशोब.

आणि यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुन्हा 'पत'मध्येच आहे. लालबाग, परळ, करी रोडला पतपेढ्यांच्या पाट्या जागोजागी दिसतात, गिरण्यांच्या काळापासून आपल्या लोकांनी त्यांच्यावर विश्वास ठेवलाय आणि बऱ्याच पतपेढ्यांनी तो राखलाही आहे. पण पतपेढी किंवा पतसंस्था म्हणजे बँक नाही. तिच्यावर देखरेख सहकार खात्याची असते, रिझर्व्ह बँकेची नाही, आणि हा ५ लाखांचा विमा तिथल्या ठेवींना लागू होत नाही. पाटीवर 'पत' आहे म्हणजे पतधोरणवाली रिझर्व्ह बँक मागे उभी आहे असं धरून चालू नका, आणि घरच्यांनाही हे नक्की सांगा, कारण निवृत्तीचे पैसे ठेवताना हा फरक विचारायचं कुणाच्या मनातच येत नाही.

तर ताई, लिहिताना पतधोरण, एकत्रच लिहायचं, 'पत धोरण' असं तोडायचं नाही. समितीला पतधोरण समिती. परीक्षेत मात्र प्रश्नात जो शब्द असेल तोच उत्तरात ठेवा, तपासणाऱ्याला शोधायला लावू नका. रेपो दर आणि रेपो रेट दोन्ही चालतात. '२५ बेसिस पॉइंट्सची कपात' असं लिहिण्यापेक्षा 'पाव टक्क्याची कपात' लिहा, आपल्याकडे पाव, अर्धा, पाऊण इतके सोयीचे शब्द असताना पॉइंट्स मोजत बसायची गरज नाही. फक्त एक जपा, दर ६ वरून ५.५० वर आला तर तो 'अर्ध्या टक्क्यानं' कमी झाला असं म्हणायचं, 'अर्धा झाला' असं नाही, मथळ्यांत ही गफलत मी पाहिलेली आहे.