बरणीत काय ओततात ते बघा (विषप्रयोगाने मेलेल्या कुत्र्यांच्या पोस्टवर उत्तर)

तुमची पोस्ट रात्री वाचली आणि झोपच लागली नाही. कोपरखैरण्यातल्या सोसायटीच्या मागच्या भिंतीशी दोन कुत्री मेलेली, तिसरी दवाखान्यात, शेजारी काळपट पूड लावलेला पावाचा तुकडा, आणि सेक्रेटरी म्हणतात गाडी बोलावून उचलून टाका. आमच्या नेरुळच्या गल्लीत काही वर्षांपूर्वी अगदी हेच झालं होतं. एफआयआर, कलम वगैरे तुम्हाला इथे बाकीच्यांनी सांगितलंय. मी त्यापुढचं सांगते, कारण आमची केस तिथेच मेली.

आधी स्पष्ट करते, मी वकील नाही आणि पशुवैद्यही नाही. जे भोगलं आणि नंतर जाणकारांकडून समजून घेतलं, तेवढंच लिहिते.

गाडी थांबवा. धुलाईही थांबवा. सकाळी हाऊसकीपिंगवाला आला की त्या जागेवर फिनाईल ओतणार, आणि वांती, लाळ, सांडलेली पूड सगळं गटारात जाणार. तुकड्याला उघड्या हाताने शिवू नका, वास तर अजिबात घेऊ नका. उंदीर मारायच्या झिंक फॉस्फाईडचा पोटातल्या आम्लाशी संबंध आला की फॉस्फिन वायू सुटतो, तो माणसालाही घातक असतो. पोट उघडणाऱ्या डॉक्टरांनाही हा संशय आधी सांगून ठेवा. फोटो आधी लांबून, मग जवळून काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. आसपास मेलेला कावळा किंवा मुंगूस दिसला तर त्याचीही नोंद करा. मुंगूस १९७२ च्या वन्यजीव कायद्यात येतो, म्हणजे वनखात्यालाही यावं लागेल.

आता मुख्य गोष्ट. आमच्या वेळी पोलीस चांगले निघाले. पत्र दिलं, पंचनामा केला, शव वेळेत शवविच्छेदनाला पोचलं. घात झाला तो शवविच्छेदनाच्या टेबलापाशी. ते कार्यालय कुठलं ते लिहीत नाही, पण तिथे पोट, आतडी, यकृत, मूत्रपिंड सगळं एकाच प्लास्टिकच्या बरणीत कोंबलं आणि वरून फॉर्मालिन ओतलं. कारण? कपाटात तेच होतं. विचारलं तर उत्तर मिळालं, "आमची पद्धत हीच आहे."

फॉर्मालिन हे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघण्यासाठी असतं. त्याने ऊती कडक होतात, मग त्यातून विष वेगळं काढणं अवघड होऊन बसतं, आणि काही विषांवर त्याची रासायनिक क्रियाही होते. विषतपासणीचा व्हिसेरा (म्हणजे काढून ठेवलेले आतले अवयव) आपल्याकडे साधारणपणे साध्या मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. तीव्र आम्लासारख्या काही विषांचा संशय असेल तर नियम बदलतो, तो निर्णय डॉक्टरांचा. पोट आणि आतड्याचा तुकडा एका बरणीत, यकृत आणि मूत्रपिंड दुसऱ्या. असं का? पोटातलं विष एवढंच सांगतं की ते तोंडावाटे आत गेलं. यकृतात सापडलं तर ते जिवंतपणी रक्तात भिनलं हे कळतं, आणि कोर्टात "मेल्यावर कुणीतरी तोंडात कोंबलं" हा बचाव टिकणं अवघड होतं. बरण्या काठोकाठ भरायच्या नाहीत, वायू साठायला जागा लागते. वापरलेल्या द्रावणाचा थोडा नमुना वेगळ्या बाटलीत जायला हवा, नाहीतर विष द्रावणातूनच आलं असं म्हणायला समोरचा मोकळा. प्रत्येक बरणीवर लाखेचं सील, आणि त्या सीलचा ठसा सोबतच्या पत्रावर. आमच्या पत्रावर ठसाच नव्हता.

कलिनाच्या सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल आला: विष आढळलं नाही. प्रयोगशाळेला दोष देत नाही, जे हातात आलं तेच त्यांनी तपासलं. पण "आढळलं नाही" याचा अर्थ "दिलं नव्हतं" असा होत नाही, आणि हा फरक आमच्याकडे कुणी ऐकून घेतला नाही. ज्याच्यावर सगळ्यांचा संशय होता तो माणूस तो कागद सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून मिरवला. आणि त्या कार्यालयाने फॉर्मालिन वापरल्याचं लेखी द्यायला शेवटपर्यंत नकार दिला. मला अजूनही राग येतो. मुक्या जिवाचं शवविच्छेदन म्हणजे उरकायचं काम, ही वृत्ती त्या बरणीत मला दिसली.

म्हणून माझं ठाम मत: मोर्चा, मेणबत्त्या, बातमी सगळं नंतर. आधी शवविच्छेदनाच्या दारात उभं राहा आणि बरणीत काय ओतताहेत ते विचारा. शक्य असेल तर परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेण्याचा आग्रह धरा. शव बर्फात गोठवू नका, थंड ठेवा. गोठल्यावर पेशी फुटतात.

तुम्ही विचारलंत, नमुने स्वतः कलिनाला नेऊन देता येतील का. नाही. पोलिसांच्या पत्रानेच जावे लागतात, नाहीतर ताब्याची साखळी, म्हणजे नमुना कुणाकुणाच्या हातातून गेला याची सलग नोंद, तुटते. आणि "फॉरेन्सिकची टीम का येत नाही" म्हणून वाद घालत बसू नका. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) पथकाने घटनास्थळी येण्याची सक्ती सात वर्षे किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी आहे. भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या) कलम ३२५ मध्ये जनावराला विष घालण्याची शिक्षा पाच वर्षांपर्यंत. फक्त १९६० च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यावर थांबू नका, त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये आहे. आणखी एक: तीन ते सात वर्षांच्या आतल्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने पोलीस १४ दिवस प्राथमिक चौकशी करू शकतात. तेवढ्यात शव कुजून जाईल. त्यामुळे एफआयआर लांबली तरी स्टेशन डायरीत नोंद आणि शवविच्छेदनाचं पत्र आजच मागा. माझ्या अनुभवात एवढ्यावर काम झालं, तुमच्या ठाण्यात काय होईल ते मी सांगू शकत नाही.

सीसीटीव्हीचं आत्ताच बघा, डीव्हीआर (फुटेज साठवणारं यंत्र) जुनं पुसून नवं भरत राहतो. त्याचं घड्याळ मोबाईलशी ताडून फरक लिहून ठेवा. फुटेजसोबत नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते डीव्हीआर सांभाळणाऱ्याकडून घ्या. संशयिताचं नाव ग्रुपवर टाकू नका, प्लीज. त्याचा वकील तेच आधी वापरेल.

आणि जे कुत्रं वाचलंय, त्याच्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतंय असं तुमच्या पोस्टवरून वाटलं. ते जिवंत आहे, म्हणून त्याचं रक्त आणि वांती मेलेल्यांच्या बरणीइतकीच मोलाची. कीटकनाशकाचा संशय असेल तर रक्तातलं कोलिनेस्टरेज (काही कीटकनाशकं ज्याचं काम दाबतात ते विकर) तपासता येतं, पण कार्बामेट गटातल्या विषाचा तो परिणाम लवकर ओसरतो, उद्यावर ढकललं तर पुरावा शरीरच पुसून टाकेल. उपचार क्षणभरही थांबवायचे नाहीत. डॉक्टरांना आत्ता फोन करून विचारा, औषध देण्याआधीचं रक्त ठेवलंय का, आणि ॲट्रोपिन (अशा कीटकनाशकांवरचा उतारा) कधी, किती दिलं ते केसपेपरवर वेळेसह लिहून घ्या.